इशाऱ्याचा दोरा

दमयंतीला राग आला की ती तोंडानं बोलत नसे, हातांनी बोले. पातेलं दाणकन खाली, कपाट धाडकन बंद, आणि त्या वेळी हातात एखादी बाहुली असली तर मग त्या बाहुलीचं काही खरं नाही. अनंतराव म्हणायचे, "अगं, भांडायचं तर माझ्याशी भांड, त्या बिचाऱ्या लाकडानं तुझं काय घोडं मारलंय?" आणि वर गालातल्या गालात हसायचे. त्या हसण्यानं ती आणखी भडकायची. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घरात पोरंबाळं नव्हती, पण आवाजाची कमतरता कधी पडली नाही.

बाहुल्या अनंतरावांच्या वडिलांच्या. निजामाच्या राज्यात ते दिवसा कचेरीत कारकुनी करायचे आणि सणासुदीला बड्या लोकांच्या दिवाणखान्यात कळसूत्री बाहुल्यांचे खेळ लावायचे. रामायण-महाभारत सगळेच करतात, म्हणून त्यांनी गवयांच्या गोष्टी धरल्या. कुणी गाऊन हरणांना भूल घालतो, कुणाच्या सुरानं दगड पाझरतो, असल्या. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झालं, बडे लोक कुठल्या कुठं गेले, दिवाणखान्यांना कुलपं लागली. बाहुल्या ट्रंकेत कसर लागून मेल्याच असत्या; पण अनंतरावांचा गळा गोड, आणि घरात आलेली सून हाताची अशी हलकी की तिनं नुसती दोरी धरली तरी बाहुली श्वास घेते असं वाटायचं. कोर्टातली नोकरी सांभाळून नवरा-बायकोनं निम्म्या मराठवाड्यात खेळ केले.

त्यातला गाजलेला खेळ एकच, दीपक रागाचा. राजा गवयाला हुकूम सोडतो की दीपक गा, माझ्या महालातले दिवे तुझ्या सुरानं लागले पाहिजेत. गवई हात जोडून म्हणतो, महाराज, हा राग गाणाऱ्याला जाळतो. पण राजा ऐकतो कसला! गवई गातो, पणत्या लागतात, आणि मग त्याचं स्वतःचं अंग पेटतं. तिकडून त्याची लेक मेघ गात धावत येते, पाऊस पडतो, पण तोवर उशीर झालेला असतो. गवयाच्या बाहुलीला घरात 'बुवा' म्हणायचे. बुवांच्या अंगरख्याच्या अस्तरात लाल साटिनच्या पट्ट्या दडवलेल्या होत्या. एक दोरी ओढली की त्या बाहेर फडफडायच्या आणि बुवा पेटायचे. त्याच वेळी अनंतराव गाता गाता सूर तोडायचे, घशात घुसमटायचे, श्वासासाठी तडफडायचे. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. लोक अनंतरावांच्या गाण्यासाठी यायचे हे खरं, पण घरी जाताना बोलायचे ते त्या घुसमटण्याबद्दल.

आता ह्या दोघांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीपायी झालं. रंगमंच म्हणजे एक उंच टेबल. टेबलामागं बाकावर उभी राहून, काळ्या पडद्यावरून वाकून, दमयंती दोऱ्या हलवायची. आणि अनंतराव कुठं? टेबलाखाली! चहूबाजूंनी काळं कापड सोडलेलं, आत मांडी घालून, तंबोरा घेऊन बसलेले. वडिलांचा दंडकच होता की सूर बाहुलीच्या पायाखालून आला पाहिजे, बाजूनं आला तर शेंबडं पोरसुद्धा फसत नाही. पण मग वरच्या बाईला खालच्या माणसाचं मन कसं कळायचं? म्हणून दोरा. टेबलाच्या फळीला बारीक भोक, त्यातून ओवलेला काळा दोरा, एक टोक अनंतरावांच्या डाव्या हाताला आणि दुसरं दमयंतीच्या मनगटाला. हलका झटका म्हणजे पुढची ओळ घेतोय. लांब ओढ म्हणजे इथं मी रंगणार, तूही रंगव. खेळ संपून पडदा पडला की दमयंती वरून एकदा ओढायची आणि खालून एकदा उत्तर यायचं. 'छान झालं' असा त्याचा अर्थ असावा. तिनं कधी विचारलं नाही.

थांब म्हणायला मात्र त्या दोऱ्यात काही खूण नव्हती. एवढ्या वर्षांत तशी गरजच पडली नव्हती.

थंडीत अनंतराव कोर्टाच्या जिन्यात बसले ते उठेनात. चारचौघांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीच्या ठोक्यांचा कागद काढला आणि दमयंतीला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय. जिना नको, दगदग नको, आणि गाणं तर मुळीच नको. घरी आल्यावर तिनं स्वतःच्या हातानं तंबोऱ्याला गवसणी घातली. तो दिवस आणि पुढचे सगळे दिवस अनंतराव खिडकीशी बसून राहिले. आधी गुणगुणणं गेलं, मग बोलणं गेलं. ती मुद्दाम पातेलं आपटून बघायची, तर मान वळवून नुसतं बघायचे. हसणं नाही, टोमणा नाही. माणूस वाचला खरा, पण घरात कोण आणून बसवलंय हेच तिला कळेना.

अशात चैत्रात तात्यासाहेब आले. खडकेश्वराकडच्या एका मंडळाचे ते अध्यक्ष, मोठा खटपट्या माणूस. पाणी पिऊन होतंय न होतंय तोच म्हणाले, "अनंतराव, रविवारी दुपारी खेळ लावायचा. पण आमचा हा मेळावा घरादाराचा आहे बरं का. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघायचं. मागं तुमचे बुवा जळाले तेव्हापासून माझी नात देवापुढं निरांजन लावू देईना! तेवढा शेवट गोड करा की राव. लेकीला जरा लवकर येऊ द्या."

"जळला नाही तर दीपक कसला, तात्यासाहेब?" अनंतराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज घरात नीट ऐकू आला.

दमयंती दारात उभी होती. नाहीच म्हणणार होती ती, पण नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं काळीज हललं. डोळ्यांत जीव आला होता हो त्यांच्या! तिनं मनातल्या मनात हिशेब केला. छाती फाडतं ते गाणं नव्हे, ते घुसमटणं. नुसतं संथ गायचं, पणत्या लावायच्या, की लगेच लेक येऊन मेघ सुरू करणार, आणि मेघ तर दमयंती स्वतःच गायची. "जळणं नसेल तर करू," ती म्हणाली. "एकदाच. आणि तंबोऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, की सूर तोडणार नाही, घुसमटणार नाही, सरळ गाणार."

अनंतरावांनी शपथ घेतली. तोंड मात्र एरंडेल प्याल्यासारखं केलं.

शपथेवर भरवसा ठेवील ती दमयंती कसली! त्याच दुपारी तिनं बुवांना मांडीवर घेतलं आणि अंगरख्याचं अस्तर दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकलं. लाल पट्ट्या आत कायमच्या बंद. अनंतराव बघत होते. म्हणाले, "बरं झालं. आता बुवांना सर्दी होणार नाही." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"बरं, ऐका," ती म्हणाली, "खाली बसल्यावर काही त्रास झाला तर दोऱ्यानं मला कळवायचं कसं? काहीतरी खूण ठरवू या."

"खूण कशाला पाहिजे? मला त्रास झाला तर गाणं थांबेल. तेवढं तुला ऐकू येईलच की."

हे बोलणं तिला पटलं. कुणालाही पटलं असतं.

तालमी झाल्या. तबल्याला बद्रीनाथ होता, देवगाव रंगारीचा, शेती भावाच्या गळ्यात घालून तबल्यापायी शहरात आलेला. अनंतराव पुन्हा बोलायला लागले, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला लागले, आणि त्या कुरकुरीनं तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. फक्त शेवट आला की त्यांचं नाक मुरडायचं. "सपक," म्हणायचे, "मीठ तर ह्यात कमी आहे." रोज तेच. ती ऐकून सोडून द्यायची, पण मनात कुठंतरी पाल चुकचुकायची. हा माणूस शपथ पाळेल ना?

रविवारी सकाळी ती चहा घेऊन मागच्या खोलीकडं गेली तर आतून आवाज आला. घोगरा, अडकलेला, श्वास ओढल्यासारखा. अगदी तोच, जळत्या बुवांचा. तिनं धाडकन दार लोटलं. अनंतराव भिंतीला टेकून उभे होते, तोंड घामानं ओलं, उजवा हात डाव्या दंडावर.

"काय चाललंय?"

"काही नाही. घसा साफ करत होतो."

"असा? घसा असा साफ करतात?" चहाचा कप तिनं टेबलावर इतक्या जोरात ठेवला की निम्मा चहा बशीत सांडला. "तालीम चालू होती ना? मला फसवून जुना शेवट घालायचाय तुम्हाला! अहो, शपथ घेतलीत ना तुम्ही तंबोऱ्यावर?"

"बरं बाई, चुकलो," ते म्हणाले, आणि पलंगावर बसले. हसले नाहीत. तिच्या तेव्हा ते लक्षातच आलं नाही, रागच तेवढा होता. त्यानंतर दुपारपर्यंत ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

हॉल भरून वाहत होता. आज्या, सुना, पोरं, पुढं सतरंजीवर बारक्यांची गर्दी. पत्रे तापलेले, पंखे नुसते आवाज करणारे. टेबलाखाली तर भट्टीच. बद्रीनाथनं कापड वर करून आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "वैनी, लई गरम हाय आत. दादा बसतील का इथं? म्या म्हनतो, आज भाईर बसू द्या."

"विचार त्यांनाच," दमयंती म्हणाली.

अनंतराव वाकून आत शिरले. तंबोरा घेतला. तिनं दोरा त्यांच्या डाव्या हाताला बांधला, तेव्हा त्यांचा तळवा तिच्या हाताला लागला. एवढ्या उकाड्यात गार होता, आणि ओला. बरं वाटतंय ना, एवढं विचारायला तोंड उघडलंही तिनं. पण सकाळपासूनचा अबोला मध्ये आला, आणि तेवढ्यात तात्यासाहेबांचं भाषण संपून टाळ्या झाल्या.

"जा वर," अनंतराव म्हणाले. "लोक वाट बघतायत."

ती बाकावर चढली. काळं कापड खाली सोडलं गेलं.

खेळ सुरू झाला तो झकास. राजा ऐटीत आला, पोरं हसली. बुवांनी हात जोडले, आज्या चुकचुकल्या. मग दीपक. काय आवाज लागला होता अनंतरावांचा! इतके महिने कोंडलेला तो गळा, आणि त्यातून असा संथ, भरीव सूर निघाला की हॉलमधली कुजबुज आपोआप बंद झाली. दमयंतीचा राग तिथंच निम्मा उतरला. दोऱ्याला हलका झटका, की पुढची ओळ. पायानं तिनं बटण दाबलं, टॉर्चचा बल्ब बसवलेली पहिली पणती लागली, मग दुसरी. पोरांनी आ वासला. मेल्या माणसा, असं गातोस आणि मला छळतोस, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि ती पडद्याआड एकटीच हसली.

सगळ्या पणत्या लागल्या. आता लेकीनं यायचं. तिनं डाव्या हातात लेकीची बाहुली उचलली.

आणि खालचा सूर मध्येच तुटला.

मग तो आवाज आला. घोगरा, अडकलेला. श्वास आत ओढल्याचा. पुन्हा एक अर्धा सूर, आणि पुन्हा घुसमट. तंबोरा थांबला, जुन्या खेळात ह्याच जागी ते तंबोरा मांडीवरून खाली ठेवायचे. आणि दोऱ्याला ओढ लागली. लांब ओढ. इथं मी रंगणार, तूही रंगव.

दमयंतीच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे सकाळची तालीम खरीच! म्हणजे बायको मूर्ख, शपथ गेली उडत, डॉक्टर गेला खड्ड्यात, ह्यांना टाळ्या पाहिजेत! भर खेळात, शंभर डोळ्यांदेखत, तिला काही करता येणार नाही हे ओळखून केलेला डाव! दोरा पुन्हा ओढला गेला. जोरात.

"जळायचंय ना?" ती दातांवर दात ठेवून पुटपुटली. "जळा मग!"

लेकीची बाहुली तिनं बाकावर टाकली आणि बुवांची ती दोरी दोन्ही हातांनी ओढली. टराटरा टाके उसवले. तिनंच घातलेले, दुहेरी दोऱ्याचे. लाल पट्ट्या बाहेर आल्या आणि बुवा पेटले.

बद्रीनाथनं लाल रंग बघितला, जुना शेवट ठरलेला दिसतो असं समजला आणि तबल्यावर तुटून पडला. पोरं किंचाळली. दमयंतीनं बुवांना आपटलं, उलटं केलं, वाकवलं, छाती धरायला लावली. इतके हाल तिनं कुठल्याच बाहुलीचे केले नव्हते. दोरा ओढला जातच होता. लांब ओढ, झटका, पुन्हा झटका, कशाचा कशाला मेळ नाही. एवढे इशारे अनंतराव कधी देत नसत. एक क्षण तिला वाटलं, वाकून बघावं. पण बघायचं तर बाकावरून उतरायला हवं, आणि हातात जळते बुवा. आणि राग! किती ओढाल? ओढा! तिनं बुवांना आणखी तडफडवलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "वाहवा!" म्हणून ओरडलं आणि सगळ्या हॉलनं टाळ्या पिटल्या.

टाळ्या चालू असतानाच दोरा सैल पडला.

झालं समाधान, तिनं मनात म्हटलं. बुवांना तिनं पणत्यांच्या मध्ये आडवं केलं आणि लेकीला उचललं. आता पाऊस तरी वेळेवर पाडते, तात्यासाहेबांना दिलेला शब्द निम्मा तरी राहू दे. ती मेघ गायला लागली. सुरुवातीला आवाज रागानं थरथरत होता, पण गाता गाता तो निवळला. गुलाबदाणीतून तिनं पाणी शिंपडलं, बुवांवर, लेकीवर, पुढं बसलेल्या पोरांवर. पोरं रडायची थांबून खिदळायला लागली. ठरल्याप्रमाणे तिनं बुवांना हळूहळू उठवलं, लेकीच्या खांद्यावर त्यांचं डोकं टेकवलं. बुवा वाचले. आज्यांनी डोळ्यांना पदर लावला.

पडदा पडला.

दमयंतीनं बाहुल्या ठेवल्या. दोरा ओढायची वेळ झाली होती. नाही ओढायचा आज, तिनं ठरवलं. बसा तिथंच वाट बघत. तात्यासाहेब पुढं काहीतरी बोलत होते, लोक उठत होते, कुणाचं तरी पोर "बुवा खरंच जळले होते, मी बघितलं," असं आईला सांगत होतं. तिनं घाम पुसला. आपला राग तिला माहीत होता, फार वेळ टिकायचा नाही. आणि गायले तर होतेच हो सुंदर. घरी गेल्यावर चांगली हजेरी घेऊ, मग आल्याचा चहा करू. तिला हसू आलं, आणि तिनं दोरा एकदा हलकेच ओढला.

उत्तर आलं नाही.

"रुसलात?" ती वाकून फळीच्या भोकाशी म्हणाली. "मीच रुसायचं, तर तुम्ही कशाला?" आणि पुन्हा ओढला. दोरा थोडा वर आला आणि अडला. दुसऱ्या टोकाला काहीतरी जड होतं. तिनं आणखी ओढलं तेव्हा ते जड थोडं हललं, आणि तंबोरा कशावर तरी आपटून त्याच्या तारा वाजल्या.

बद्रीनाथ घाम पुसत टेबलाजवळ आला होता. "दादा, कमाल केली आज," म्हणत त्यानं काळं कापड वर केलं, आणि तसाच वाकलेला राहिला. "वैनी," तो म्हणाला.

ती बाकावरून कशी उतरली तिचं तिला कळलं नाही. अनंतराव टेबलाच्या पायाला टेकून कलंडले होते. सदरा गळ्याशी फाडलेला. दोरा त्यांनी डाव्या मुठीभोवती गुंडाळत गुंडाळत नेला होता, जवळ, आणखी जवळ, इतका की तो कातडीत रुतला होता. त्यांनी तिला रंगवायला सांगितलंच नव्हतं. हाक मारली होती. त्यांच्याजवळ तेवढा एकच दोरा होता, आणि ते ओढत राहिले होते, आणि ती वर त्यांना जाळत होती.

लोक धावले. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घालायला लागलं, तात्यासाहेबांनी डॉक्टरांकडं माणूस पिटाळला. बद्रीनाथनं नाकाशी हात धरून बघितला, छातीला कान लावला, आणि मान खाली घातली. त्यांना बाहेर काढायचं तर दोरा मध्ये येत होता. एक टोक त्यांच्या मुठीत, दुसरं अजून दमयंतीच्या मनगटाला. बद्रीनाथनं तो तोडायला हात घातला.

"हात लावू नको!" दमयंती किंचाळली. तिनं मनगट छातीशी घट्ट धरलं आणि दोरा पुन्हा एकदा, अगदी हलकेच ओढला. "थांब जरा. अजून त्यांचं उत्तर यायचंय."